वळणावरची जागा

गेल्या डिसेंबरात भाईच्या मोठ्या मुलाचा वलीमा झाला. देगा धुऊन परत गेल्या, मांडवाचे बांबू निघाले, पाहुणे पांगले आणि रात्री खामगावच्या आमच्या जुन्या घराच्या सपरीत फक्त घरचीच माणसं उरली. चहाचा दुसरा फेरा चालू होता. माझा भाऊ, चाचांचा मुलगा आणि फुफीचे दोन मुलगे असे चौघं एका सतरंजीवर बसले होते. सगळ्यांच्या दाढीत पांढरं आलेलं, एकाला शुगर, दुसऱ्याचा गुडघा दुखतो. आणि हे चौघं तावातावाने भांडत होते. कशावरून? तर १९९० साली बकरीदच्या दुसऱ्या दिवशी, बासी ईदच्या संध्याकाळी, शर्यत लाल गाडीने जिंकली की हिरव्या गाडीने.

नव्या सुनेला काहीच कळेना. तिने हळूच मला विचारलं, "फुफी, यांच्याकडे तेव्हा गाड्या होत्या?"

"होत्या की," मी म्हटलं, "एवढ्या." आणि तिला बोटाएवढं माप दाखवलं.

तेवढ्यात फुफीचा धाकटा म्हणाला, "अरे, भांडता कशाला? बाजीला विचारा. फेऱ्या तीच मोजायची. वही तिच्याकडेच होती."

चौघं माझ्याकडे बघायला लागले. मी रिकामे कप गोळा केले आणि चहा आणते म्हणून आत निघून गेले. उत्तर मला माहीत होतं. पस्तीस वर्षं माहीत होतं. वहीत जे लिहिलंय ते वेगळं आणि झालं ते वेगळं, हेही माहीत होतं.

ही गोष्ट सांगायची तर चाचांपासून सुरुवात करावी लागेल.

चाचा कुवेतमध्ये नोकरीला होते. चाची आणि त्यांची मुलं आमच्याच घरात, म्हणजे अब्बांच्या घरात राहायची. त्या काळी आमच्या मोहल्ल्यातल्या बऱ्याच घरांची रीत अशीच होती. एक भाऊ आखातात कमवायचा, दुसरा गावात दोन्ही कुटुंबं सांभाळायचा. दोन वर्षांनी सुट्टी मिळायची. १९९० च्या रमजानमध्ये चाचा आले. मुंबईहून गाडीने जलंबला उतरले आणि तिथून खामगावच्या छोट्या गाडीने घरी. आम्ही सगळी पोरं स्टेशनवर गेलो होतो. अत्तर, साबण, टॉर्च, कापडाचे पीस, खजूर हे नेहमीचं सामान होतंच. पण यावेळी एक लांबट खोकं होतं आणि ते चाचांनी हमालाला उचलू दिलं नाही.

ईद एप्रिलच्या अखेरीस होती. शीरखुर्मा झाल्यावर चाचांनी ते खोकं सपरीत उघडलं. आत काळ्या प्लास्टिकचे सरळ आणि वाकडे तुकडे होते. ते एकमेकांत अडकवले की इंग्रजी आठच्या आकड्यासारखा रस्ता तयार व्हायचा. रस्त्यावर दोन खाचा, आणि प्रत्येक खाचेच्या दोन्ही बाजूंना लोखंडाच्या बारीक पट्ट्या. दोन शर्यतीच्या गाड्या, एक लाल, एक हिरवी. दोन हातात धरायचे खटके, बंदुकीच्या घोड्यासारखे. आणि एक जड ट्रान्सफॉर्मर. खोक्यावर लिहिलं होतं स्केलेक्स्ट्रिक.

आम्ही तोवर कोणत्या गाड्या चालवल्या होत्या? सायकलची जुनी रिंग काठीने पळवली होती. ज्वारीच्या धांड्यांची बैलगाडी केली होती. गॅरेजवाल्याने फेकलेले बेअरिंग फळीला ठोकून उतारावर गाडी सोडली होती आणि गुडघे फोडून घेतले होते. चावीची टिनाची मोटार मेळ्यात मिळायची, ती जिकडे तोंड तिकडे जायची. पण आपण बोट दाबावं आणि दहा फुटांवरची गाडी त्या बोटाचं ऐकून पळावी, हे आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी अडचण आली. कुवेतच्या प्लगला तीन चौकोनी पाय, आमच्या बोर्डाला गोल भोकं. बाजारातल्या रेडिओ मेकॅनिकने ते तोंड कापून गोल पिनांचं बसवलं आणि मग तोही अर्धा तास आमच्या सपरीत बसून राहिला. म्हणाला, दुकान उघडं टाकून आलोय, पण एक फेरी होऊन जाऊ द्या.

या खेळाला स्लॉट कार रेसिंग म्हणतात. स्लॉट म्हणजे ती खाच. गाडीच्या पोटाखाली पुढच्या बाजूला एक छोटं पातं असतं, ते खाचेत बसतं. पात्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या तारेच्या चपट्या वेण्या असतात. त्या लोखंडी पट्ट्यांना घासत जातात आणि वीज मोटरपर्यंत पोचवतात. खटका जितका दाबाल तितकी वीज जास्त, तितका वेग जास्त. सुकाणू नाही, ब्रेक नाही. गाडी खाचेतून जाते म्हणून वळवायची गरज नसते. मग यात कसब काय, असं कुणालाही वाटेल. कसब वळणावर असतं. सरळ रस्त्यावर कुणीही दाबतो. वळण येण्याआधी बोट ढिलं केलं नाही तर पातं खाचेतून निसटतं आणि गाडी उडून बाहेर पडते. जास्त दाबणारा हमखास हरतो. वेळेवर सोडणारा जिंकतो.

हे सगळं मला पुढे मोठेपणी वाचून नीट कळलं. विजेवर खाचेतून धावणाऱ्या खेळण्यातल्या गाड्या अमेरिकेत लायोनेल या आगगाड्यांची खेळणी बनवणाऱ्या कंपनीने १९१२ साली काढल्या होत्या, पण त्या टिकल्या नाहीत. खरी सुरुवात इंग्लंडमध्ये झाली. फ्रेड फ्रान्सिस नावाचा कारखानदार स्केलेक्स नावाच्या चावीच्या टिनाच्या गाड्या बनवायचा. त्याने त्यात विजेची मोटर बसवली आणि १९५७ साली स्केलेक्स आणि इलेक्ट्रिक हे दोन शब्द जोडून नवं नाव दिलं. साठच्या दशकात या खेळाने अमेरिका, युरोप आणि जपानमध्ये वेड लावलं. अमेरिकेत तर दुकानांत सहा-सहा, आठ-आठ खाचांचे मोठे रस्ते मांडलेले असत. मुलं आपली गाडी डब्यात घालून न्यायची आणि तासावर पैसे देऊन पळवायची. ते वेड ओसरलं, मग टीव्हीवरचे खेळ आले, व्हिडिओ गेम आले. तरी अजूनही काही देशांत या खेळाचे क्लब आहेत आणि जुन्या गाड्या जपून ठेवणारे लोक आहेत. आमच्या गावात मात्र तो खेळ एका माणसाच्या बॅगेतून आला आणि एकाच घरात राहिला.

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि आमची सपरी म्हणजे मोहल्ल्याचं मैदान झालं. दुपारी बाहेर ऊन मी म्हणत असायचं. अम्मी आणि चाची आत झोपायच्या, दाराला ओलं पोतं लावलेलं असायचं आणि फरशीवर तो आठचा आकडा मांडलेला. खटके दोन आणि पोरं दहा. त्यामुळे नंबर लागायचे. आठच्या आकड्यात दोन्ही खाचा सारख्याच लांबीच्या होतात, कारण एका वळणावर आत असलेली गाडी दुसऱ्या वळणावर बाहेर जाते. तरी पोरं खाचेवरून भांडायची. मग चाचांनी नियम केला, दहा फेऱ्यांनंतर खाच बदलायची.

माझी जागा दारासमोरच्या मोठ्या वळणावर होती. गाडी पडली की उचलायची, पातं खाचेत बसवायचं, वेण्या पट्ट्यांवर टेकल्या का बघायचं आणि हात काढून घ्यायचा. शिवाय फेऱ्या मोजून वहीत लिहायच्या. ही जागा मला कुणी दिली, आठवत नाही. मी बारा वर्षांची होते, भाईपेक्षा वर्षभराने लहान आणि चाचांच्या मुलापेक्षा वर्षभराने मोठी. मुलगी एकच, अक्षर चांगलं, हिशेब पक्का. बसले तिथे. खटका मागावा असं माझ्या मनातही आलं नाही, आणि आलं असेल तर मी ते बोलले नाही. मला त्या कामाचा अभिमानच होता. कुठली गाडी कुठल्या फेरीत पडणार हे मला आधी कळायचं. वळणाच्या अलीकडे मोटरचा आवाज जरा बारीक झाला नाही की मी हात पुढे करूनच ठेवायचे.

गाड्यांची सेवाही माझ्याकडे होती. फरशीवरची धूळ चाकांच्या रबराला लागली की गाडी घसरायची, मग ओल्या फडक्याने चाकं पुसायची. वेण्यांत केस अडकले की जुन्या टूथब्रशने विंचरायच्या. पावसाळ्याच्या तोंडाला पट्ट्यांवर गंज यायला लागला तेव्हा मेकॅनिकने सांगितलं, सँडपेपर लावू नका, पट्टी खरवडली जाईल. खोडरबर घासा. माझं शाळेचं खोडरबर त्यात संपलं.

मे महिन्यात एका रात्री वीज गेली आणि आली ती एवढ्या जोराने की दोन बल्ब उडाले आणि ट्रान्सफॉर्मरमधून धूर निघाला. पोरांचे चेहरे बघवत नव्हते. मेकॅनिकने तो उघडून बघितला आणि हात वर केले. पण जाता जाता म्हणाला, "गाडी बारा व्होल्टवर चालते ना? ट्रॅक्टरची बॅटरीही बारा व्होल्टची असते."

मोहल्ल्यातल्या गॅरेजमधून बॅटरी आली. पण बॅटरीला धोका असा की गाडी आडवी पडून दोन पट्ट्या जोडल्या गेल्या तर तार लालबुंद होते. त्यावर त्याने तोड काढली. प्रत्येक खाचेच्या तारेत ट्रॅक्टरच्या हेडलाइटचा एकेक बल्ब ओवला. गाडी नीट चालू असेल तर बल्ब अंधारात निखाऱ्याएवढाच लाल दिसायचा. गाडी पडून पट्ट्या जोडल्या गेल्या की सगळी वीज बल्बमध्ये जायची आणि तो लख्ख पेटायचा. तार वाचायची. आणि आम्हाला आयता इशारा मिळायचा. बल्ब पेटला म्हणजे गाडी पडली, गाडी उचलली की बल्ब मंद. चाचा बॅटरीजवळ बसायचे आणि दोन्ही बल्बांवर नजर ठेवायचे.

जुलैच्या सुरुवातीला बकरीद होती. त्यानंतर चाचा परत जाणार होते. जाण्याआधी मोठी शर्यत ठेवली. सात-आठ पोरांत सामने होत होत शेवटी दोघं उरले, माझा भाऊ लाल गाडीवर आणि चाचांचा मुलगा हिरव्या गाडीवर. वीस फेऱ्या. बक्षीस म्हणून चाचांनी आपल्या खिशातला कुवेतहून आणलेला पेन काढून सतरंजीवर ठेवला.

भाई दाबणारा होता, तो पडायचा. चाचांचा मुलगा सोडणारा होता. अठरा फेऱ्या झाल्या तेव्हा हिरवी गाडी अर्ध्या रस्त्याने पुढे होती. एकोणिसाव्या फेरीत, कदाचित आपला बाप बघतोय म्हणून, त्याने पहिल्यांदाच वळणावर बोट उशिरा सोडलं. गाडी माझ्या गुडघ्याशी येऊन आडवी पडली. बल्ब पेटला.

आणि माझा हात पुढे गेला नाही.

किती वेळ? दोन श्वास, फार तर तीन. मी गाडीकडे बघत होते. उचलायची आहे हे कळत होतं. पण भाईची लाल गाडी तेवढ्यात माझ्यासमोरून निघून गेली आणि मगच माझा हात हलला. मी हिरवी गाडी खाचेत ठेवली, नीट ठेवली, पण उशीर झाला होता. भाई जिंकला. सगळ्यांनी आरडाओरडा केला. मी वहीत लिहिलं, लाल २०, हिरवी १९. पेन भाईच्या खिशात गेला.

कुणीच काही बोललं नाही. चाचांचा मुलगाही नाही. तो उठून हात धुवायला गेला. चाचांनी तारा सोडल्या आणि बॅटरी परत पाठवायच्या तयारीला लागले. आठवड्याभरात ते कुवेतला गेले.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकच्या फौजा कुवेतमध्ये शिरल्या. मुहर्रमचे दिवस होते. त्या रात्री अब्बा रेडिओला कान लावून बसले ते पुढे दोन महिने रोज बसले. बीबीसी उर्दूचं सैरबीन सुरू झालं की घरात भांड्याचाही आवाज व्हायचा नाही. कुवेतमध्ये दीड लाखाहून जास्त भारतीय होते. फोन बंद, टपाल बंद. खामगाव, मलकापूर, चिखली, कुठूनही कुणी आखातातल्या माणसाच्या घरचं भेटलं की एकच प्रश्न, काही कळलं का? परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन आले. मग बातमी आली की लोकांना जॉर्डनमधल्या अम्मानपर्यंत आणून एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला नेत आहेत. साधारण दोन महिन्यांत लाखाहून जास्त माणसं अशी परत आली. नागरी विमानांनी एवढी माणसं सोडवून आणल्याचा तो विक्रम मानला जातो. आम्हाला त्या लाखातला एकच हवा होता.

त्या दिवसांत खेळाचं खोकं माळ्यावर गेलं. चाची दिवसभर तसबीह घेऊन बसायच्या. त्यांचा मुलगा शाळेतून आला की दप्तर ठेवून दारातच उभा राहायचा, पोस्टमनच्या वेळेला. आणि मला एकच गोष्ट खात होती. आज हसू येतं, पण तेव्हा झोप लागत नव्हती. मला वाटायचं हे माझ्यामुळे झालं. मी त्याची गाडी उचलली नाही, म्हणून अल्लाहने त्याचे अब्बू अडकवले. बारा वर्षांच्या मुलीला जगातल्या फौजा आणि आपल्या सपरीतलं वळण यांच्यात फार अंतर दिसत नाही. मी नमाजीनंतर कबूल करायचे, दुआ मागायचे, पण ज्याचा गुन्हा केला त्याला मात्र सांगत नव्हते.

सप्टेंबरच्या शेवटी चाचा आले. हातात एक रेक्झिनची बॅग, गालाची हाडं वर आलेली, शर्ट दुसऱ्या कुणाचा तरी. कुवेतहून बसने बगदाद, तिथून वाळवंटातून जॉर्डनची सीमा, मग तंबूत दिवस काढून अम्मान. बँकेतले पैसे गेले, खोलीतलं सामान गेलं, पगार बुडाला. पुढे काही वर्षांनी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडून अशा लोकांना भरपाई मिळाली, पण तेव्हा त्यांच्या खिशात जलंबहून खामगावला यायच्या तिकिटाएवढे पैसे होते.

चार-पाच दिवसांनी ते एकटे सपरीत बसलेले असताना मी त्यांच्याजवळ गेले आणि रडत रडत सगळं सांगितलं. मला वाटलं ते आश्चर्य करतील. ते म्हणाले, "मला माहीत आहे. बल्ब माझ्यासमोर होता ना. इतका वेळ कधी पेटलेला राहिला नव्हता."

मग त्यांनी मला तंबूतली गोष्ट सांगितली. पाण्याची गाडी यायची, हजारो माणसं धावायची. एक तरुण मुलगा डब्याने पाणी वाटायचा. कोण कुठल्या देशाचा, कोणत्या भाषेचा, तो बघत नव्हता. समोर आलेलं भांडं भरायचा आणि पुढच्याकडे वळायचा. चाचा म्हणाले, त्या मुलाचं तोंडही मला आता आठवत नाही, हात आठवतात. आम्ही घरात उर्दूच बोलतो, या लेखात सगळ्यांचं बोलणं मी मराठीत लिहिलंय. पण चाचांचं पुढचं वाक्य त्यांच्याच शब्दांत ठेवते. "बेटा, हाथ जल्दी चलना चाहिए, गाडी किसी की भी हो."

त्या गुरुवारी रात्री बॅटरी परत आली. मोहल्ल्याची वीज गेलेली, सगळा अंधार, आणि आमच्या सपरीत दोन बल्ब. चाचांनी नवा नियम केला. जो शर्यत खेळेल त्याने पुढची शर्यत वळणावर बसायचं. पोरांनी कुरकुर केली. मग ते स्वतः माझ्या जागेवर येऊन बसले आणि खटका माझ्या हातात दिला. मला म्हणाले, "तू कधी चालवलीच नाहीस ना?" पोरं गप्प झाली. इतके महिने हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

मी पहिल्याच वळणावर पडले. चाचांनी उचललं. दुसऱ्या फेरीत पुन्हा पडले. पुन्हा उचललं. आठव्या-नवव्या फेरीला मला कळलं की बोट कुठे सोडायचं. मला दुसऱ्याची चूक लांबून दिसायची, स्वतःची वेळ पकडता येत नव्हती. ती रात्र माझ्या आयुष्यातल्या फार सुंदर रात्रींपैकी एक आहे.

पुढच्या वर्षी चाचांनी स्पेअर पार्टचं लहानसं दुकान टाकलं. भांडवल कमी पडत होतं. चाचीच्या बांगड्या गेल्या आणि त्यांच्यासोबत ते खोकंही गेलं. अकोल्याच्या एका व्यापाऱ्याने आपल्या नातवासाठी घेतलं. जाण्याआधी चाचांच्या मुलाने दोन्ही गाड्या पुसून, वेण्या विंचरून खोक्यात ठेवल्या. तो रडला नाही. भाई रडला.

मी पुढे शिकले, बीएड केलं, उर्दू शाळेत मराठी शिकवायला लागले. स्लॉट कारबद्दल वाचताना एकदा समजलं की चाचांचा तो नियम जगभरच्या क्लबांत आहे. वळणावर उभं राहून पडलेल्या गाड्या परत ठेवणाऱ्याला तिथे मार्शल म्हणतात, आणि जो शर्यतीत उतरतो त्याला नंतर मार्शलचं काम करावं लागतं. चाचांना हे कुणी सांगितलं नव्हतं. २०११ मध्ये चाचा गेले. अल्लाह त्यांची मगफिरत करो.

वर्गात मला रोज वळणावर बसावं लागतं. एखादं पोर वाचता वाचता अडखळतं, एखादीची परीक्षेच्या आधी हिंमत जाते, एखाद्याचा बाप कामावरून बसतो आणि त्याचं लक्ष उडतं. माझ्या ओळखीच्या घरातलं मूल असेल तर माझा हात आपोआप पुढे जातो, हे मी पाहिलंय. अनोळखी घरातलं, कटकट करणारं, उर्मट पोर पडलं की तोच हात दोन श्वास थांबतो. बाहेरच्या कुणाला ते कळत नाही, कारण शेवटी मी उचलतेच. पण तेवढ्यात एक फेरी गेलेली असते. तेव्हा मला तो पेटलेला बल्ब दिसतो.

तर त्या रात्री मी चहा घेऊन सपरीत परत आले. भांडण अजून चालूच होतं. मी कप वाटले, सतरंजीच्या कडेला बसले आणि सांगून टाकलं. हिरवी गाडी जिंकली असती. मी हात आखडता घेतला.

क्षणभर सगळे गप्प झाले आणि मग हशा झाला. भाई म्हणाला, "म्हणजे मी पस्तीस वर्षं फुकटच मिरवलो! आणि तो पेन मी दहावीला नेला होता!" नव्या सुनेलाही हसू आवरेना. चाचांचा मुलगाही हसला.

नंतर मी फाटक लावायला गेले तेव्हा तो तिथे उभा होता. म्हणाला, "बाजी, मला माहीत होतं. मी गाडीकडे नाही, तुझ्या हाताकडे बघत होतो."

मी विचारलं, "मग तेव्हा बोलला का नाहीस?"

तो थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिला. "अब्बू आठवड्याने जाणार होते. आम्हाला तुमच्याच घरात राहायचं होतं ना."

अकरा वर्षांच्या मुलाने तेव्हा हा हिशेब केला होता. अब्बांनी कधी दोन्ही घरांच्या मुलांत फरक केला नाही, अम्मीने ताटात कधी कमी-जास्त वाढलं नाही. आमच्या घरात अशी गोष्ट असू शकते हे मला कधी वाटलंच नव्हतं. पण ज्याचा बाप दूर आहे त्याला दुसऱ्याच्या घरातली प्रत्येक फरशी मोजून पाय ठेवावा लागतो. मी त्या संध्याकाळी त्याची गाडी उचलली नाही, एवढंच मला आजवर ठाऊक होतं. त्याला ते मागताही आलं नाही, हे त्या रात्री कळलं. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "छोड ना बाजी." पण तो लगेच आत गेला नाही. आम्ही दोघं बराच वेळ फाटकाशी उभे होतो, चाचांबद्दल बोलत.

वही अजून माझ्याजवळ आहे. दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर मी ती काढली. शाळेत आम्हाला शिकवलेलं असतं की हजेरीपटात चूक झाली तर खाडाखोड करायची नाही. चुकलेल्या नोंदीवर एक रेघ ओढायची, म्हणजे आधीचं वाचता येतं, वर बरोबर लिहायचं आणि बाजूला सही करायची. मी तसंच केलं. लाल पेनने एक रेघ ओढली, वर लिहिलं, "हिरवी गाडी पुढे होती, मार्शलने उशीर केला." खाली तारीख घातली आणि सही केली.